लाल दिव्याचा नियम

फोटोकाकांचा उजवा गुडघा गेले सहा महिने असहकार पुकारून बसला होता. चार दशके त्यांनी लाकडी पेटीच्या कॅमेऱ्यामागे, काळ्या कापडाखाली, अर्धे वाकून साऱ्या गावाची छायाचित्रे घेतली होती. त्या वाकण्याचा हिशेब गुडघ्याने आता मागितला होता. आज सायंकाळी पाच वाजता शाळेच्या पटांगणात वार्षिक समूहचित्र होते. काका वेळेवर आले नाहीत, तर ते त्यांचाच पुतण्या मोबाईलवर घेणार, असे मुख्याध्यापिकाबाईंनी आदरपूर्वक, परंतु नि:संदिग्धपणे कळवले होते. हे घडण्यापेक्षा गुडघा गळून पडलेला काकांना चालला असता.

मुलीने परगावाहून दिव्यांचा एक पट्टा पाठवला होता. तांबडा आणि अवरक्त असे दोन्ही प्रकाश तो सोडतो, त्याने पेशींना ऊर्जा मिळते, दुखरा सांधा लवकर सावरतो, असे सोबतच्या पुस्तिकेत लिहिले होते. लाल दिवा म्हटल्यावर काकांनी तो कुठे लावावा? अर्थात आपल्या डार्करूममध्ये, जुन्या लाल दिव्याच्याच खिळ्यावर.

पुस्तिकेत दहा मिनिटे सांगितली होती. काका हसले. "जुन्या फिल्मला उजेड जास्त लागतो, मग एवढ्या जुन्या गुडघ्याला दहा मिनिटांत काय होणार?" असे म्हणून त्यांनी पुरे साठ मिनिटांचे बटण दाबले. तेव्हा चारला दहा कमी होती. मग ते बुटक्या स्टुलावर बसले आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून मांडीवर फोटोच्या कागदाचे शेवटचे, वर्षानुवर्षे जपलेले पाकीट उघडले. त्यांचा कॅमेरा थेट कागदावर चित्र घेई. लाल उजेडात या कागदाला काही होत नाही, हे त्यांच्या बोटांना डोळ्यांहून अधिक ठाऊक होते. कागद मापात कापून त्यांनी चौकटीत सरकवला, चौकटीचे झाकण लावले आणि उठायला गेले.

गुडघा उठला नाही.

काकांनी भिंत धरली, टेबल धरले, अखेरीस देवाचे नाव धरले. व्यर्थ. बटण खिळ्यापाशी, हाताच्या पलीकडे.

"अगं, ऐकतेस का? जरा आत ये!"

काकू दारापाशी आल्या. दाराला कडी नव्हती. नुसते ढकलायचे होते. पण फटीतून लाल उजेड पाझरत होता.

"लाल दिवा चालू आहे," काकू म्हणाल्या.

"माहीत आहे! तू ये!"

"मी नाही बाई येणार."

याला इतिहास होता. पंचवीस वर्षांपूर्वी बालपुतण्याने काकांचा हुबेहूब आवाज काढून "अगं, दार उघड" अशी हाक घातली होती. काकूंनी दार उघडले आणि एका लग्नाचे समग्र फोटो काळेठिक्कर पडले. पुतण्याने मार खाल्ला, काकूंनी काकांचा आठ दिवसांचा अबोला. नवव्या दिवशी काकांनी कायदा घोषित केला होता: लाल दिवा विझेपर्यंत, आतून खुद्द माझा आवाज आला, तरी दार उघडायचे नाही.

साडेचारला तोच पुतण्या, आता चांगला दाढीमिशांचा, काकांना न्यायला आला.

"काकू, काका कुठायत?"

"दार उघडा रे कुणीतरी!" आतून गर्जना झाली.

काकूंनी पुतण्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले. ते मिटलेले होते. "तू तर बोलला नाहीस."

"अहो काकू, खरेच काका आहेत!" त्याने दाराला हात घातला. काकूंनी तो चापट मारून खाली केला.

"तुझा मार पाच मिनिटांत संपला होता. आठ दिवस मी काढलेत."

"मी नियम रद्द केलाय!" काका ओरडले.

"तेही तेव्हाच सांगितलंत तुम्ही. 'रद्द केला म्हटलं तरी उघडायचं नाही.' पुढचं सगळं मला पाठ आहे, म्हणू का?"

पाचला दहा कमी असताना यंत्राची वेळ भरली, दिवा विझला आणि काकूंनी तत्क्षणी दार ढकलले. दोघांनी काकांना काखेत धरून उभे केले. गुडघा कडकन वाजला आणि, यंत्राच्या कृपेने की तासाभराच्या संतापाने ते तोच जाणे, चालू लागला. काका पाचच्या ठोक्याला पटांगणात पोचले, विजयी मुद्रेने काळ्या कापडाखाली वाकले, आणि "हलू नका" म्हणून भिंगावरचे टोपण काढले.

घरी परतल्यावर त्यांनी पट्ट्याला हात न लावता जुना मंद लाल दिवा पेटवला आणि तो कागद रसायनात सोडला. मुख्याध्यापिकाबाई उमटल्या नाहीत. मुलेही नाहीत. कागद काठापासून काठापर्यंत काजळासारखा काळा झाला. जुना दिवा काजव्याएवढा होता, हा पट्टा सूर्याचा धाकटा भाऊ, एवढा फरक बोटांना कळला नव्हता.

काकू दिवा विझेपर्यंत थांबल्या, मग आत डोकावल्या. कागद पाहिला, उघडे पाकीट पाहिले, खिळ्यावरचा पट्टा पाहिला.

"या वेळी दार मी उघडलं नव्हतं हं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग आता आठ दिवस कुणाशी बोलणार नाही तुम्ही?"



दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहासाठी स्वयंपाकघराकडे आले, तर दार लोटलेले. पुतण्याने काकांच्या पाठीमागून मोबाईलवर घेतलेले शाळेचे समूहचित्र आदल्या संध्याकाळीच गावभर पोचले होते, त्यामुळे चहाची गरज आज नेहमीपेक्षा अधिक होती. काकांनी हात पुढे केला, आणि फटीतून पाझरणारा तांबडा उजेड पाहून तिथेच थबकले.

"अगं, चहा..."

"खांदा दुखतोय माझा," आतून आवाज आला. "साठ मिनिटं लावलीत."

काकांनी दाराकडे पाहिले, दुखऱ्या गुडघ्याकडे पाहिले, आणि बाहेरच्या बाकावर निमूटपणे बसून राहिले.