घरी कोण कोण हाय?

आमच्या सिद्राम अण्णांनी कुठल्याही पेशंटला 'कुठं दुखतंय' असं विचारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. समोरचा माणूस मोडका हात छातीशी धरून कळवळत असतो, सोबतची मंडळी रडकुंडीला आलेली असतात, आणि अण्णा डोळे मिटून, झोपेत बोलल्यासारखे विचारतात, "घरी कोण कोण हाय?"

माणूस गांगरतो. अहो, हात मोडलाय तर हाताचं विचारा की! पण वडीलधारा माणूस विचारतोय म्हटल्यावर तो मोजायला लागतो. "आई हाय, बाप हाय, थोरला भाऊ, वैनी, त्यांची दोन पोरं..." तोवर अण्णांची बोटं त्याच्या मनगटावरून सावकाश फिरत असतात. मोजता मोजता माणूस कुठल्यातरी एका नावापाशी थबकतो. श्वासभरच. तेवढ्यात कट् असा आवाज होतो. माणूस ओरडायला तोंड उघडतो, पण काम झालेलं असतं. मग अण्णा डोळे उघडून सांगतात, "थोरल्याच्या नावाला बसलं."

अण्णा म्हणजे हाडवैद्य. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर आणि त्यांची खोली यांच्यात एकच भिंत आहे. मी एका खाजगी सेंटरमध्ये एक्स-रे काढतो. म्हणजे बघा, भिंतीच्या अलीकडं मशीनवर हाड बघणारा आणि पलीकडं डोळे मिटून हाड बघणारा. सुरुवातीला मला या माणसाचा भयंकर राग यायचा. शिक्षण काय, तर मोडनिंबला बापाच्या हाताखाली शेळ्यांचे पाय बांधले! मी एकदा तोंडावरच म्हणालो, "अण्णा, हा सगळा अंधारातला कारभार आहे."

"मग तू उजेड पाड की," अण्णा म्हणाले. "तुजं मशीन हाय न्हवं?"

त्या दिवसापासून त्यांनी नियमच केला. आधी फोटो, मग हात. फोटोत जास्त तुकडे दिसले, कातडी फाटलेली असली, बोटं बधिर असली, की अण्णा शिवतसुद्धा नाहीत. "ही माजी केस न्हाय. दवाखाना गाठ." पेशंटनं कितीही हातापाया पडू दे, ऐकायचे नाहीत. माझा निम्मा राग तिथंच गेला. उरलेला निम्मा मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

तो जपणंही अवघडच होतं, कारण त्यांच्या खोलीत दुपारी नुसतं बसलं तरी डोळे जड होतात. खिडकीच्या गजांवर हाडसांधीची वेल चढलेली आहे, तिचा हिरवा उजेड फरशीवर पडतो. लांबून यंत्रमागांची खटखट येत असते. अण्णा पाट्यावर वेलीची कांडी वाटतात, त्यात अंड्याचा पांढरा बलक घालतात, लेप लावतात, वर बांबूच्या कामट्या, आणि कामट्यांवर टॉवेलच्या कारखान्यातून आणलेल्या पट्ट्या. हे टॉवेल लॉजचे असायचे, विणताना बिघडलेले. त्यामुळं आमच्या भागात कुणाच्या दंडावर लॉजचं अर्धं नाव दिसलं, की समजावं, अण्णांचा पेशंट. मी जेवून तिथं पाच मिनिटं म्हणून टेकायचो आणि घोरायला लागायचो. बायको भिंतीवर थाप मारून उठवायची.

अशाच एका दुपारी मी विचारलं, "अण्णा, हा घरचा प्रश्न कशाला?"

"आरं, दुकत असतं तवा माणूस समदा त्या हातात जाऊन बसल्याला असतो. हात लाकूड हुतो. त्येला तितनं उठवायचं आन घरी धाडायचं. घरातनं हिंडत हिंडत तो एकापाशी थांबतो. तितं अंग सैल सुटतं. तवाच वढायचं."

"कुणापाशी थांबतो?"

"जे घरी असाया पायजे आन न्हाय, त्येच्यापाशी."

मी म्हटलं, उगाच काहीतरी. पण मग टेंभुर्णीचा ट्रक ड्रायव्हर आला. खांदा निखळलेला, शेजारी बायको. अण्णांनी विचारलं. गडी मोजायला लागला, "आई, ही, दोन पोरं, आन आमची चंद्रा..." कट्. खांदा जागेवर बसला, पण संसार निखळला. "कोण वो ही चंद्रा?" बायकोनं तिथंच पदर खोचला. गडी शपथा घेऊन सांगत होता की चंद्रा म्हणजे म्हैस, मागच्या बाजारात विकली ती. बाई म्हणाली, "म्हशीसाठी डोळ्यात पाणी येतंय व्हय?" शेवटी म्हैस घेणाऱ्याला फोन लावला, त्यानं म्हशीला हंबरायला लावलं, तेव्हा कुठं बाई खाली बसली.

एकदा एक तेलुगू आजी आली. ती आपली तेलुगूत नावं घेत होती. अण्णांना तेलुगूचा शब्द कळत नाही. तरी कुठं ओढायचं ते बरोबर कळलं. आजी गेल्यावर म्हणाले, "लेक आसंल. लई लांब दिल्याली दिसती."

माझी पाळी आली ती स्कूटरवरून पडून करंगळी निखळली तेव्हा. मी मनाशी ठरवलेलं, आपल्याला ही युक्ती ठाऊक आहे, आपण काही थबकायचं नाही. झरझर म्हणून टाकलं, "मी, आई, ही आणि पल्ल..." कट्.

पल्लवी म्हणजे माझी मुलगी. तिला पुण्याला नोकरी लागून तेव्हा दोनच महिने झाले होते. लहानपणी ती कायम अण्णांच्या खोलीत असायची. एकदा तिच्या बाहुलीचा पाय निघाला, तर अण्णांनी लेप, कामट्या, पट्टी असं साग्रसंगीत बांधून दिलं आणि तीन आठवडे सोडू दिलं नाही.

"अण्णा, पल्लवी आता घरी नसते," मी करंगळी चोळत म्हणालो.

"मग मोजलीस कशाला?"

घरी येऊन उगाचच तिला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." माझा उरलेला राग त्या दिवशी संपला.

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. शाळेतले एक मास्तर घरोघरी माहिती भरून घेत आमच्या गल्लीत आले होते. अण्णांच्या दारात उभे राहून त्यांनी कागद काढला आणि विचारलं, "घरी कोण कोण आहे?" झालं! अण्णांनी सवयीनं डोळे मिटले आणि मास्तरांचं मनगटच धरलं. "हात सैल सोडा, मास्तर." मास्तर किंचाळले, पेन गटारात गेलं, गल्ली हसून हसून आडवी झाली. मीही हसलो. त्या गोंधळात मास्तर पुढच्या दाराला पळाले. अण्णांचा रकाना तसाच कोरा राहिला आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

गेल्या महिन्यात अण्णा पडले. हाडसांधीचा शेंडा गजात अडकवायला स्टुलावर चढले आणि घसरले ते उजव्या हातावर. मी धावत गेलो तर फरशीवर बसून, डोळे मिटून, डाव्या हातानं उजवं मनगट चाचपत होते. "तीन तुकडं," म्हणाले. सेंटरला नेऊन फोटो काढला. तीनच होते. अण्णांनी फिल्म उजेडाला धरली, बराच वेळ बघितली आणि मला म्हणाले, "ही माजी केस न्हाय. दवाखान्यात चल." दारापर्यंत गेल्यावर थांबले. "सुनील, ह्यो हात वाकडा बसला तर मी संपलो बग. बोटाला कळाया पायजे. न कळणारी बोटं घेऊन मी काय करू?"

इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, हुशार होत्या. इंजेक्शन दिलं, हात धरला. पण अण्णांचा हात कोपरापासून ताठ. "आजोबा, सैल सोडा." नाही. पुन्हा एकदा. नाही. "दुखतंय का?" "न्हाय." "मग सोडा ना!" अण्णांच्या कपाळावर घाम आलेला. सबंध सोलापूरला सैल करणाऱ्या माणसाला स्वतःला सैल होता येईना. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "असं बसलं नाही, तर ऑपरेशन करून तारा घालाव्या लागतील."

मी अण्णांच्या उशाशी गेलो. दुसरं काही सुचेना, तोंडातून निघून गेलं, "अण्णा, घरी कोण कोण हाय?"

विचारलं आणि जीभ चावली. ज्या एकट्या माणसाच्या दाराला वर्षानुवर्षं त्याच्याशिवाय कुणी आतून कडी लावली नाही, त्याला मी काय विचारून बसलो!

"मी," अण्णा म्हणाले.

मोजणी तिथंच संपली. बाई माझ्याकडं बघायला लागल्या. कुठंतरी ट्रॉलीचं चाक कुरकुरत गेलं. अण्णा छताकडं बघत होते. मग मान वळवून अगदी हळू, संकोचानं म्हणाले, "तुज्या घरची मोजली तर चालंल का रं?"

"चालतंय की, अण्णा. मोजा."

त्यांनी डोळे मिटले. "तू. तुजी आई. सूनबाई. तिच्या हातची शेंगाचटणी..."

"चटणी मोजू नका."

"बरं." ओठ जरासे हसले. "तू, तुजी आई, सूनबाई... आन..."

मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत होतो. ताठ अंगठा सैल सुटला. मी बाईंना मान हलवून खूण केली.

"...पल्लवी."

कट्.

प्लास्टर झाल्यावर दवाखान्यातच पुन्हा फोटो काढला. तिन्ही तुकडे एका ओळीत आले होते. डॉक्टर बाई म्हणाल्या, तारा नकोत, हात चालेल. अण्णांनी विचारलं, "सरळ हाय?" म्हटलं, "सरळ आहे." मग म्हणाले, "कुनाच्या नावाला बसलं रं?" जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं!

"पल्लवीच्या."

"ती तर पुण्याला असती."

"मग मोजलीत कशाला?"

अण्णांचे डोळे भरून आले होते, आणि आता ते पुसायलाही त्यांना डावाच हात होता. मी तिथंच पल्लवीला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये..."

"राहू दे तुझी मीटिंग," मी म्हणालो. "घरातल्या माणसाशी बोल." आणि फोन अण्णांच्या कानाला लावून, त्यांचं बोलून होईपर्यंत, तसाच धरून उभा राहिलो.