रामटेके काकांचा रविवारचा माणूस

मे महिन्यात दुपारी एक वाजता नागपुरातला शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही. आमचे शेजारी रामटेके काका नेमके त्याच वेळी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत जातात, पंखा बंद करतात, खिडकी लावून घेतात आणि आठ कॉम्प्युटर एकदम चालू करतात. डोक्याला ओला दुपट्टा, हातात वही. कोणतं यंत्र किती वाजता अडखळलं, हे ते घामाने निथळत तासभर लिहून घेतात. काकू खालून दर दहा मिनिटांनी हाक मारतात. जेवायला नव्हे, माणूस अजून उत्तर देतो की नाही ते बघायला.

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत बहुतेकांना वाटतं, काका जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतात. तीन वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

मी सदर भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. एकदा लिहिलेला प्रोग्राम निरनिराळ्या जातीच्या कॉम्प्युटरांवर आणि मोबाइलवर चालायला हवा असेल, तर त्याच्या खाली एक तयार सांगाडा घालावा लागतो. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आम्ही जे वापरतो ते कुणाच्या मालकीचं नाही. जगभरातले तीसचाळीस लोक आपापल्या घरी बसून हौसेने ते सांभाळतात आणि सगळ्या चर्चा उघड्यावर, ईमेलने करतात. एकदा नवी आवृत्ती लांबली. का लांबली ते बघायला साहेबांनी मला त्या चर्चेत पाठवलं. तिथे कामांची यादी होती, सगळ्या खुणा झालेल्या होत्या आणि शेवटची एकच पायरी बाकी होती. पायरीचं नाव होतं ‘नागपूर’. खाली खुलासा: भर उन्हाळ्यात तापलेल्या यंत्रावर चालतं का ते बघणे; टिनाखाली, पंखा बंद, दुपारी एक ते दोन. सही रामटेके.

त्या संध्याकाळी मी कुंपणाच्या भिंतीवरून विचारलं, काका, ते तुम्हीच का? काका कुंडीतल्या मिरच्यांना पाणी घालत होते. “हाव, मीच,” ते म्हणाले. “काहून, काही बिघडलं काय?”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सहज बोलल्यासारखं करून सांगितलं की ते आमच्या बाजूला राहतात. साहेबांनी खुर्ची वळवून माझ्याकडे पाहिलं. पगारवाढ मागायची हीच वेळ होती, पण मला त्या क्षणी नुसतं मिरवायचं होतं.

काकांची नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात झाली. तिथली शिस्त अशी की चालत्या यंत्राला हात लावायचा तर आधी परमिट घ्यायचं, बटणाला स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्याने कुलूप लावलं, त्यानेच काढायचं. दुसऱ्याने काढलं तर आत काम करणारा माणूस जिवाला मुकतो. निवृत्त झाल्यावर काकांनी ही शिस्त जशीच्या तशी फ्रेमवर्कला लावली. कुणी बदल सुचवला की काका विचारणार, काय बंद करताय, कुणाला सांगितलं, परत चालू कसं करणार, आणि शेवटी, चावी कोणाजवळ हाये? हा शेवटचा प्रश्न ते मराठीतच लिहीत, रोमन अक्षरांत. जपानमधल्या एकाला तो काही तांत्रिक प्रकार वाटला आणि त्याने त्याची माहितीपुस्तिका मागितली. काकांनी दीड पानी पुस्तिका लिहून दिली, कुलपाच्या चित्रासह. आता तिथे एक जर्मन प्राध्यापक आणि एक ब्राझिलियन बाई एकमेकांना ‘चावी?’ असं विचारतात आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. मी ते वाचते तेव्हा छाती उगाचच दोन इंच फुगते.

पण काकांचा खरा जीव होता तो बुढीवर. बुढी म्हणजे एक जुनी ऑपरेटिंग सिस्टीम. ती बनवणारी परदेशी कंपनी कधीच बंद पडली. नोकरीत काकांचा तिच्याशी संबंध आला होता, आणि तेव्हा त्यांनी घरी बसून आमचं फ्रेमवर्क तिच्यावर बसवलं. अशा बसवण्याला पोर्ट म्हणतात. सतरा वर्षं काका एकट्याने ते पोर्ट जिवंत ठेवत आले. अडचण अशी की फ्रेमवर्कमध्ये काहीही नवीन करायचं तर ते बुढीवरही चालवून दाखवावं लागे, आणि त्यात सगळ्यांचेच आठवडे जात.

गेल्या दिवाळीनंतर फिनलंडच्या लीना नावाच्या मुलीने प्रस्ताव मांडला की हे पोर्ट आता काढून टाकावं. एकेक करून सगळे तिच्या बाजूने झाले. काका एकटे विरोधात. त्यांचा मुद्दा एकच होता: दर रविवारी सकाळी सहा वाजता कुणीतरी बुढीसाठीचं फ्रेमवर्क उतरवून घेतं. फ्रेमवर्कच्या साइटवरच्या आकड्यात ते दिसायचं. आठवड्याला एक, पण चुकत नाही.

“एक माणूस हाये ना तिकडे?” काका मला म्हणायचे. “मंग त्याची लाइट काहून कापाची?”

हा माणूस काकांनी मनात पुरा उभा केला होता. कुठल्या तरी आडगावच्या केंद्रात तो रविवारी पहाटेच्या पाळीला एकटाच असतो. यंत्र जुनं आहे, वरचे लोक नवीन देत नाहीत. प्रत्येक आवृत्तीच्या माहितीपत्रकाखाली काका त्याच्यासाठी चार ओळी लिहीत. बरे आहात ना, काही अडलं तर सांगा, संकोच करू नका. सतरा वर्षांत एकदाही उत्तर आलं नाही. लाजाळू असन, काका म्हणत. इंग्रजी जमत नसन म्हणून त्यांनी एकदा हिंदीतही लिहून पाहिलं.

लीनाने शेवटी नम्रपणे सुचवलं की तो माणूस कोण आहे ते तरी बघू, त्यालाच विचारू. साइट सांभाळणाऱ्याने नोंदी पाठवल्या. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून बारीक अक्षरातली ती फाइल त्यांनी माझ्याकडे दिली. मी दर रविवारची नोंद काढली. प्रत्येक नोंदीसमोर इंटरनेटचा एकच पत्ता होता आणि तो मी लगेच ओळखला, कारण तो माझाही होता. काकांच्या आणि आमच्या घरात मिळून एकच इंटरनेट आहे, भिंतीवरून वायर टाकलेली.

टिनाच्या खोलीतलं बुढीचं यंत्र काकांनीच कधीकाळी असं लावून ठेवलं होतं की ते दर रविवारी आपणहून साइटवरून ताजी आवृत्ती उतरवेल. घरातली प्रत घ्यायची नाही, लोकांना मिळते तीच घ्यायची, हा त्यांचा काटेकोरपणा. मग ते विसरून गेले.

मी दोन दिवस गप्प बसले. मी बोलले नसते तर कुणाला कळलंही नसतं, आणि पोर्ट आणखी काही वर्षं टिकलं असतं. पण ज्या माणसाने जगाला चावी विचारायला शिकवलं, त्याच्यापासून हे लपवायची मला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी सांगितलं.

“असं कसं जमन?” काका म्हणाले. मग वर गेले आणि त्या यंत्राची वायर काढून आले. चाचणी घेतल्याशिवाय ते स्वतःवरही विश्वास ठेवत नाहीत. रविवारी सहाला आम्ही दोघं त्यांच्या स्क्रीनसमोर बसलो. सव्वासहा झाले, सात झाले. त्या आठवड्याचा आकडा शून्यावरच राहिला. काकूंनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

सोमवारी काकांनी चर्चेत लिहिलं की रविवारचा माणूस सापडला आहे. तो नागपुरात राहतो, निवृत्त आहे, त्याचं काम अडणार नाही. म्हणून हे पोर्ट मी माझ्या हाताने काढतो. लीनाने काढून टाकण्याचा स्वतःचा प्रस्ताव त्याच तासाला मागे घेतला. तरी काकांनी चार दिवस एकेक फाइल काढली, दुसऱ्या कुणाचं काही मोडत नाही ना ते बघत. शेवटची फाइल गेली आणि उत्तरं यायला लागली. ब्राझीलच्या बाईंनी लिहिलं की पोर्ट कसं करतात हे त्या काकांचा कोड वाचून शिकल्या. आणखी तिघांनी तेच लिहिलं. लीनाने लिहिलं की कॉलेजात असताना तिने छापून घेतलेली काकांच्या कोडची पानं अजून तिच्याकडे आहेत. मी शुक्रवारी सकाळी ऑफिसला जाता जाता हे सगळं काकांना वाचून दाखवलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. “सगळे चांगले लोक हायेत,” ते म्हणाले. “म्हणजे इतके वर्षं मी मलेच लिहून राहिलो होतो. बरा हायेस काय, काही अडलं तर सांग.”

“मग एकदाही उत्तर का नाही दिलंत?” मी थट्टेने विचारलं.

ते हसले नाहीत. “मी मलेच विचारून राहिलो, हे ठाऊकच नव्हतं वं.”

“आता मी विचारते काका. काही अडलंय का?”

त्यांनी वर टिनाच्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “थोडं अडलं हाये,” ते म्हणाले. “बस जराशी.”

मी ऑफिसला उशीर होईल असा निरोप पाठवला आणि त्यांच्याजवळ बसले.