बिनगळ्याचा स्वेटर

सासूबाईंच्या स्वेटरची पाठ झाली होती, पोट झालं होतं, दोन्ही बाह्या झाल्या होत्या. विणायचा राहिला होता तो फक्त गळा, आणि तोही तीन वर्षं. स्वेटर पलंगाखालच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत पडून होता आणि मालू पलंगावर बसून टीव्हीसाठी झालरीचं झाकण विणत होती.

तीन वर्षांत तिने मफलर विणले, आसनं विणली, नवऱ्याच्या, गुणाजीच्या, स्कूटरच्या सीटलासुद्धा लोकरीचं कव्हर केलं. ते पहिल्याच पावसात भिजलं आणि गुणाजी आठवडाभर ओल्या पँटने कंपनीत गेला, ती गोष्ट वेगळी. पेणची अख्खी रामवाडी मालूच्या हाताचं कौतुक करी. मात्र तिने विणलेल्या एकाही वस्तूला गळा नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मालूला गळा येतच नव्हता. रोह्याच्या अनीसाबाईंच्या क्लासात गळा शिकायच्या आधीच तिचं लग्न ठरलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ती गप्प होती.

पण शेजारची रंभा गप्प बसणारी नव्हती. दर वैशाखात ती बायका गोळा करून बद्रीकेदारला न्यायची.

"गिरजाबाय, यंदा तरी येताय का नाय?"

"मी एका पायावर तयार हाय गो," सासूबाई म्हणाल्या. "पण तिथं बरफ पडतं. सुनेचा स्वेटर झाल्याबिगर कशी येऊ?"

"तिसरं वरीस हाय हे! सुनेपायी सासूचा देव राहिला म्हणायचा."

मालूने ट्रंक ओढली, स्वेटर काढला, गळ्याच्या जागी असलेल्या भोकाकडे पाहिलं आणि तो परत ठेवून दिला. मग मन शांत व्हावं म्हणून तिने एका निळ्या शालीचे टाके घातले. संध्याकाळपर्यंत शाल वीतभर झाली, पण मन काही शांत झालं नाही. म्हातारीचा देव आपल्या अज्ञानापायी राहावा, हे तिला खरंच सोसवेना.

"लोकर आणायला रोह्याला जाते," ती सकाळी म्हणाली.

"का? पेणातली मेंढरं मेली?" गुणाजीने विचारलं. मालूने स्वेटर पिशवीत घातला आणि गाडी पकडली.

अनीसाबाईंनी स्वेटर उलटासुलटा करून पाहिला. "बेस विणलंस गो. पण गळा मला कुठं येतो?"

"बाई! क्लासात तर गळे असलेले स्वेटर टांगलेले असायचे!"

"ते फरझाना करायची, माझी जाऊ. मी भायेर शिकवायची, ती आत गळे घालायची. तुमाला वाटायचं ती रांधते." अनीसाबाईंनी कपाट उघडलं. आत बिनगळ्याचे अकरा स्वेटर घडी घालून ठेवले होते. "ती कुवेतला गेली, तवापासून हे असं. नशीब तुझं, कालच सुट्टीवर आलीय."

फरझाना आतून हात पुसत आली. मालूने तिला बद्रीकेदारची अडचण सांगितली. "देवाच्या दारी जायचाय ना? मग पयला हाच," असं म्हणून तिने अकरा स्वेटर बाजूला सारले आणि मालूला शेजारी बसवून टाके उचलायला शिकवलं. अर्ध्या तासात गळा झाला. एवढ्याशा कामासाठी आपण तीन वर्षं तोंड चुकवलं, या विचाराने मालूला रडूच आलं. बाजूच्या शिवणीसुद्धा फरझानाने दाखवून तिच्याकडूनच घालून घेतल्या.

संध्याकाळी मालू पेणला उतरली ती ताठ मानेने. रंभा ओटीवर होतीच. तिच्यासमोर मालूने सासूबाईंच्या अंगात स्वेटर चढवला. अगदी मापात बसला.

"ग्वाड दिसतोय गो!" रंभा म्हणाली. "बसा, वही घेऊन येते, नाव घालूया."

ती जाताच सासूबाईंनी मालूचं मनगट धरलं.

"तुला कुणी सांगितलं होतं शाणपण? तीन वरसं या स्वेटराच्या जिवावर घरात हाय मी. तिथं घोड्यावर बसवतात, खाली दरी असते. मला जिन्याची भीती वाटते गो, मालू!"

"मग सांगायचं नाय का, आई?"

"देवाला जायला भितेय म्हणून सांगू? गावात तोंड दाखवीन कशी?"

रंभा वही घेऊन आली. सासूबाईंनी पदर सावरला.

"रंभे, नाव घालू नको. कानाला वारा लागला तर तिथंच आडवी होईन मी. कानटोपी पायजे."

"टोपी काय, मालूचं दोन दिवसांचं काम!"

"हात जलद हाय तिचा," सासूबाईंनी मालूकडे न बघता सुस्कारा सोडला. "पण तुला तिची खोड ठावं हाय ना? अर्धं टाकायचं नि दुसरं घ्यायचं. सून तशी भेटली, आता काय करता?"

रंभाने मालूकडे अशा नजरेने पाहिलं, की दुसरी असती तर ट्रंकेतच जाऊन बसली असती. मालूने तोंड उघडलं. तिला आता गळा येत होता, शिवण येत होती आणि टोपी तर ती परवापर्यंत सहज पुरी करू शकली असती. पण सासूबाईंनी तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"नाय होत माझ्याच्यानं वेळेवर," मालू म्हणाली, आणि टोपीचे टाके घालायला बसली.