मधुभाऊ स्कूटरवरून पाहतात

मधुभाऊ काळबांडे कुठलंही डिझाइन खुर्चीत बसून पाहत नाहीत. ते त्याची प्रिंट काढायला लावतात, नागपूरच्या जरीपटका भागातल्या आमच्या ऑफिससमोरच्या विजेच्या खांबावर ती चिकटवतात आणि स्कूटर काढून भर बाजारातून तिच्यासमोरून दोनदा जातात. एकदा जाताना, एकदा येताना. मग वर येऊन निकाल देतात. होर्डिंगचं ठीक आहे. पण मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्यांनी दातांच्या एका डॉक्टरांचं व्हिजिटिंग कार्ड त्या खांबावर चिकटवलं होतं.

"दिसलं का भाऊ?" मी विचारलं.

"कार्ड नाही दिसलं," ते हेल्मेट काढत म्हणाले, "पण डॉक्टर घाबरट वाटून राहिला."

आमच्या एजन्सीचं नाव 'ठळक'. कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि तीन माणसं. वर्षा डिझाइन करते, मी मजकूर लिहिते आणि मधुभाऊ ते बरोबर नाही असं सांगतात. पूर्वी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. कॉम्प्युटरला ते आजही हात लावत नाहीत. स्क्रीनवर काही दाखवायचं असेल तर काचेवर बोट टेकवतात, आणि वर्षा दर तासाला काच पुसते.

मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर नागपूरला आलेली. त्यामुळे माझा गोंधळ दुहेरी होता. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक येऊन बसलं होतं आणि भाऊंचा फोन आला, "ताई, मी येऊन राहिलो." मी गिऱ्हाइकाला सांगितलं, भाऊ आलेत, इथेच कुठे तरी राहिलेत. आम्ही दोघांनी त्यांना बाथरूमपासून गच्चीपर्यंत शोधलं. भाऊ तेव्हा सदर भागातल्या सिग्नलवर होते.

भाषा पुढे उमगली. भाऊंची शेरेबाजी मात्र अजून उमगलेली नाही. "छान हाय, फक्त थोडं मंगळवारी झालं." "हे अक्षर जेवून आल्यासारखं दिसते." "याच्यात दोन माणसं भांडून राहिले, एकाले घरी पाठव." सुरुवातीला मी वहीच्या मागच्या पानावर अर्थ लिहून ठेवायचे. 'मंगळवारी' या शब्दापुढे माझ्या हातचे पाच अर्थ आहेत आणि पाचही खोडलेले आहेत. वर्षा मला म्हणाली, "ताई, अर्थ नको लावत बसू. रंग हलका कर नि पुन्हा दाखव." तसं केलं की भाऊ म्हणायचे, "हां, आता कसं! समजलं ना तुले?" मी मान हलवायचे. काय समजलं ते त्यांनी कधी विचारलं नाही, हे माझं नशीब.

अशात भिवापूरहून शेवंताबाई आल्या. सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात मिरचीच्या तिखटाची पिशवी. ती टेबलावर ठेवताच वर्षाला तीन शिंका आल्या. बाई स्वतः मिरची वाळवून तिखट कुटतात आणि गावातल्या तीन दुकानांत ठेवतात. त्यांना छापील पुडी करून हवी होती.

"पुडी कशी हवी मावशी?" भाऊंनी विचारलं.

"माही पुडी मले दिसली पाहिजे."

"बस?"

"बस. मागल्या महिन्यात दुकानदारानं उरलेल्या पुड्या वापस देल्या. मी घरी घेऊन गेली, तं त्या दुसऱ्याच्याच निघाल्या. सारं गाव हासलं मले. माही पुडी मले दिसली पाहिजे, भाऊ."

मी वहीत लिहिलं : ठळकपणा, वेगळेपणा, ओळख. वर्षानं 'शेवंताबाईंची भिवापुरी मिरची' ही अक्षरं कुंचल्याच्या वळणानं अशी काही काढली, की मलाच मिरची घ्यावीशी वाटली. बाई दर आठवड्याला एसटीनं यायच्या, पुडी हातात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "लय सुरेख." पण होकार द्यायच्या नाहीत. भाऊ खांबासमोरून स्कूटर फिरवत राहिले. असा दीड महिना गेला.

त्याच सुमाराला बेसा भागातल्या एका बिल्डरचं काम आमच्याकडे येऊ घातलं होतं. वर्षभराचं काम. ते मिळालं तर आम्ही तिघांचे पाच होणार होतो. त्यांच्या ऑफिसात सकाळी अकराला आमचं सादरीकरण ठरलं. पावणेअकराला मी आणि वर्षा लिफ्टपाशी उभ्या. भाऊंचा पत्ता नाही. फोन केला.

"ताई, मी भिवापूरले हाव."

"भिवापूरला? काय करताय तिथे?"

"तेच समजून राहिलं नाही. तू सांभाळून घे."

सांभाळून घ्यायचं म्हणजे काय, ते मला कळलं नाही. आत सहा माणसं बसली होती. वर्षानं पडद्यावर पहिली जाहिरात लावली. कोपऱ्यात छोटंसं घर, बाकी सगळी जागा पांढरी. बिल्डर साहेबांनी चष्मा वर केला. "एवढी जागा रिकामी काहून सोडली?"

या प्रश्नाचं उत्तर भाऊंकडे होतं आणि भाऊ भिवापूरला होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, ती जागा रविवारची आहे."

वर्षानं डोळे मिटून घेतले. साहेब पडद्याकडे बघत राहिले, मग हळूहळू मान हलवू लागले. "रविवारची. बरोबर हाय. आता समजलं मले." त्यांनी शेजारच्यांना विचारलं, "समजलं ना?" शेजारच्या पाचही जणांना समजलं. काम आम्हाला मिळालं. लिफ्टमध्ये वर्षानं मला विचारलं, "रविवारची म्हणजे काय?" मी म्हटलं, "अर्थ नको लावत बसू."

तरीही माझा राग गेला नव्हता. ही बातमी सांगायला फोन केला, तर भाऊंनी ती ऐकलीच नाही. "बरं बरं. ताई, एसटी पकड नि इकडे ये." मी तणतणत गेले. आज या माणसाला सुनवायचं, असं ठरवूनच भिवापूरला उतरले.

भाऊ स्टँडवरच उभे होते. हेल्मेट हातात. जरीपटक्याहून स्कूटरवर तिथवर आलेले.

"काहून चिडून राहिली वं ताई?"

"चिडू नको तर काय करू? वर्षभराचं काम होतं ते!"

त्यांनी मला थोडं बाजूला नेलं आणि आवाज खाली केला. "मावशीले वाचता येत नाही, ताई. आपण दीड महिना त्यांले अक्षरं दाखवून राहिलो."

सकाळी त्यांनी आमची नमुन्याची पुडी दुकानाच्या फळीवर इतर पुड्यांमध्ये ठेवली होती आणि बाईंना सहज म्हणाले होते, मावशी, आपली पुडी आणा बरं. बाईंनी मोठ्या विश्वासानं एक पुडी उचलली, हातात फिरवली आणि म्हणाल्या, लय सुरेख झाली. ती लाल पुडीत भरलेली दुसऱ्याच कोणाची तरी हळद होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणतो? म्हटलं, हो मावशी, सुरेख झाली."

मला सुनवायचं होतं ते सगळं तिथेच राहिलं.

आम्ही बाईंच्या घरी गेलो. भाऊंनी पुडीचा विषय काढलाच नाही. चहा घेतला, अंगणातली मिरची बघितली, मागच्या खोलीत गेलो. तिथे वीसेक पोती होती, काही बाईंची, काही त्यांच्या पुतण्याची, सगळी एकसारखी. बाईंनी आम्हाला मिरची दाखवायला त्यातलं एक पोतं सरळ पुढे ओढलं. भाऊ थबकले.

"मावशी, हे पोतं तुमचंच, हे कसं ओळखलं?"

बाई त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तशा बघायला लागल्या. "टाके पाह्य ना गा! तीन उभे, एक आडवा. पिवळा दोरा. लगन होऊन आली तवापासून असेच घालतो मी."

भाऊ पोत्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ ते टाके बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी वाराचं नाव घेतलं नाही, की अक्षर जेवून आलंय का, हेही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "ताई, फोटो काढ."

स्कूटर पंक्चर होती, म्हणून ती बाईंच्या पुतण्याकडे सोडून आम्ही एसटीनं निघालो. उमरेड मागे पडल्यावर भाऊ खिडकीबाहेर बघत बोलायला लागले.

"माही आई नरखेडले स्टँडपाशी आलूबोंडे विकायची. मी सोळा वर्षांचा होतो, नवीन नवीन ब्रश हातात घेतला होता. तिच्या ठेल्यासाठी पत्र्यावर पाटी केली. माही पहिली पाटी. 'कौसल्या आलूबोंडा सेंटर.' लाल अक्षर, पिवळी सावली. तिनं इचारलं, काय लिवलं रे? आता आईचं नाव तिच्याच समोर कसं घ्यावं? मले शरम वाटली. म्हटलं, आलूबोंडे लिहिले."

"मग?"

"मग काही नाही. अकरा वर्षं ती त्या पाटीखाली बसली. ती गेल्यावर एक जुना गिऱ्हाईक भेटला. म्हणे, तुही माय सगळ्याईले सांगायची, माह्या पोरानं आलूबोंडे किती मोठे लिहिले पाहा." ते हसले. मग हसू तसंच ठेवून म्हणाले, "वाचून दाखवाले किती वेळ लागला असता, ताई? अर्धा मिनिट."

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, उघडली नाही, तशीच मांडीवर धरून बसले.

पुडी झाली. लाल जमिनीवर मोठ्ठे पिवळे टाके, तीन उभे, एक आडवा, आणि खाली नाव. पहिला गठ्ठा घेऊन आम्ही दोघं भिवापूरला गेलो. बाईंनी दुकानाच्या फळीवरची आपली पुडी चार पावलांवरून ओळखली आणि दुकानदाराकडे अशी काही नजर टाकली, की तो उगाच तराजू पुसायला लागला.

आमचं काम संपलं होतं. मी निघायला वळले, पण भाऊ बाईंच्या शेजारी बाकावर बसले. त्यांनी पुडी मांडीवर घेतली आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचायला लागले. नाव वाचलं, वजन वाचलं, पत्ता वाचला, 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' हेसुद्धा वाचलं.

"याच्यात माहं नाव कोणतं?" बाईंनी विचारलं.

भाऊंनी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. मिरची कुटून त्या बोटाचं टोक लाल झालं होतं.

"एवढं मोठं हाय?"

"हाव मावशी. शे-वं-ता-बा-ई."

बाईंनी बोट तिथून उचललं नाही. म्हणाल्या, "आखीन एकडाव वाच गा."

भाऊंनी पुन्हा वाचलं. आमची एसटी समोरून निघून गेली. मी त्यांना हाक मारली नाही.