तात्यारावांनी पुरी केलेली सायकल

सायकल घ्यायची हे प्रज्ञेश मेश्रामनं ठरवलं ते खराडीच्या ऑफिसची लिफ्ट बंद पडली म्हणून. चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्याला असा दम लागला, की टीममधल्या रुपालीनं आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं आणि शेवटी आमंत्रण दिलं. "सर, आमचा सायकलिंगचा ग्रुप आहे. दर संडेला बोपदेव घाट. तुम्ही या ना!" वय चव्वेचाळीस, वजन शहाऐंशी. तरी "येतो," म्हणाला प्रज्ञेश. (दम लागलेला माणूस थोडक्यात बोलतो, म्हणून तो लोकांना ठाम वाटतो.)

खरं सांगायचं तर लिफ्ट हे निमित्त. सायकल त्याला सातव्या वर्षापासून हवी होती. वडील, म्हणजे तात्याराव, हिंगणघाटला पोस्टमन. दारात रोज सायकल उभी असायची, पण ती सरकारी. "टपालाची सायकल आहे. लोकायचे कागद बसतात तिच्यावर, आपून नाही," असा तात्यारावांचा नियम. गल्लीतली पोरं आपापल्या बापाच्या मागे कॅरिअरवर बसून शाळेत जायची आणि पोस्टमनचा पोरगा कॅरिअरला हात लावून शेजारून चालायचा. पोस्टाच्या कोपऱ्यावर हात सोडायचा. पुढे इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, कारसुद्धा आली. पण कारमध्ये बसूनही तो सिग्नलला शेजारच्या सायकलकडेच बघत राही.

आता प्रज्ञेश पडला सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा त्याला पगार मिळे. त्यानं एक्सेल उघडलं, तेवीस रकाने आखले आणि प्रत्येक सायकलला दहापैकी मार्क द्यायला बसला. फ्रेम, गिअर, ब्रेक, टायरची रुंदी. दहापैकी दहा त्यानं आयुष्यात कशालाच दिले नव्हते. (बायकोच्या, सोनालीच्या, पुरणपोळीला एकदा आठ दिले होते. ती त्या घरातली शेवटची पुरणपोळी.) असे आठ महिने गेले. कोणी विचारलं तर सोनाली सांगायची, "हे सायकल घेतायत," आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, कसलीतरी परीक्षा देतायत.

शनिवार पेठेतल्या दुकानात तो तिसऱ्यांदा गेला तेव्हा मालकांनी चष्म्यावरून बघितलं. "आज सायकल नेणार की माहितीच?"

"सायकल. पण मागेसुद्धा शॉक असलेली ती लाल..."

"पंधरा हजारात मागचा शॉक म्हणजे नुसता झोपाळा. पाय मारणार तुम्ही आणि हलत बसणार ती. पुढे शॉक आणि मागे काही नाही, तीच घ्या. हार्डटेल म्हणतात तिला. चालवणार किती?"

"रोज. म्हणजे... रविवारी."

"मग पुरेल."

शनिवारी सकाळी सायकल बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आली. सोनालीनं दार उघडलं, सायकलकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि "निकाल लागला म्हणायचा," एवढंच म्हणाली. रिटायर झाल्यापासून तात्यारावही इथेच राहत. नारळ-लिंबाचं प्रस्थ त्यांच्या घरात नव्हतं; त्यांची पूजा म्हणजे चेनला तेल. तेलाची बाटली हातात घेऊन ते सायकलीभोवती दोनदा फिरले आणि थांबले.

"स्टँड कुठं आहे?"

"हिला नसतं, बाबा."

"घंटी? मडगार्ड? कॅरिअर?"

"माउंटन बाइक आहे ही. यात काहीच नसतं."

तात्याराव खाली वाकले. "अन् मागचं स्प्रिंगही काढून घेतलं त्यानं! फसवलं तुले, बाप्पा. अर्धी सायकल देल्ली."

प्रज्ञेशनं त्यांना हार्डटेलचे फायदे वीस मिनिटं समजावून सांगितले. तात्याराव मान हलवत राहिले. पोस्टात साहेब तपासणीला आले की ते अशीच मान हलवत असत. तेवढ्यात ऑफिसमधून फोन आला, काहीतरी अर्जंट निघालं, आणि प्रज्ञेश खराडीला पळाला.

संध्याकाळी परत येऊन बघतो तर हॉलमध्ये एक अनोळखी सायकल. दोन्ही चाकांवर मडगार्ड. भक्कम स्टँड. हँडलला मोठी घंटी आणि पुढे भाजीची जाळीची टोपली. सीटवर फुलाफुलांचं कव्हर. मागे पोत्याचा भार पेलेल असं लोखंडी कॅरिअर. तेवीस रकान्यांची, आठ महिन्यांची तपश्चर्या; तिचं एका दुपारात किराणा आणायचं वाहन झालं होतं. उद्या पहाटे रुपाली आणि तिच्या ग्रुपमधली पोपटी जर्सीवाली पोरं गंगाधाम चौकात त्याची वाट बघणार होती.

"बाबा, काहून केलं हे?" रागानं त्याची पुण्याची भाषा गळून पडली.

तात्याराव पाना पुसत होते. हात कोपरापर्यंत काळे. "मिस्त्रीपाशी बसून लावून घेतलं सारं. आता पुरी झाली." मग म्हणाले, "अडतीस वर्षं मी दुसऱ्याच्या सायकलले तेल पाजलं. रिटायर झालो त्या रोजी सही घेऊन जमा करून घेतली त्यायनं. घरापर्यंत पायी आलो. हे आपल्या घरातली पयली सायकल आहे, प्रज्ञेश."

बापालाही सायकल हवी होती, हे प्रज्ञेशला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं.

रविवारी पहाटे हेल्मेट, हातमोजे आणि गादीवाली चड्डी घालून तो खाली उतरला. तात्याराव सायकल धरून गेटपाशी उभेच होते.

"बस मागं. चौकापर्यंत सोडून देतो."

"बाबा, लोक काय म्हणतील!"

"बस म्हणलं ना."

तो बसला. वॉचमननं सलाम ठोकला. (कोणाला, ते कळलं नाही.) तात्यारावांनी घंटी वाजवली आणि सायकल निघाली. दूधवाले, पेपरवाले, फिरायला निघालेल्या आजी, सगळे वळून बघत होते. प्रज्ञेशला त्यांतलं कोणी दिसलं नाही. त्याचा हात आपोआप बापाच्या कमरेभोवती गेला. सदऱ्याला खोबरेल तेलाचा वास होता. सदतीस वर्षं त्याला हेच हवं होतं, आणि हे कोणत्याही दुकानात मिळत नव्हतं. चौक कधी येऊच नये, असं त्याला वाटलं.

चौक आला नाही, पण त्याच्या आधीचा चढ आला. वर पोपटी जर्सीवाले रांगेत उभे. सायकलची गती मंदावली.

"उतर," तात्याराव म्हणाले. "चढ आला."

प्रज्ञेश उतरला आणि कॅरिअरला हात लावून शेजारून चालू लागला.

वर पोहोचेपर्यंत त्याला लिफ्टच्या दिवशीसारखाच दम लागला होता. तात्यारावांना लागला नव्हता. रुपालीनं दोघांकडे बघितलं. "सर, सायकल एकच आहे ना? मग... काका येतात का?"

तात्याराव मुलाकडे बघत राहिले. आपण सातव्या वर्षी असंच बघायचो, हे प्रज्ञेशनं ओळखलं. त्यानं हेल्मेट काढून बापाच्या डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा नीट लावला.

तो दुधाच्या पिशव्या घेऊन घरी परतला. "इतक्यात झाला घाट?" सोनालीनं विचारलं. त्यानं दूध तापायला ठेवलं. नऊ वाजता रुपालीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. बोपदेवच्या माथ्यावर ग्रुप. सगळ्यांच्या बाटल्या आणि जाकिटं तात्यारावांच्या टोपलीत. सगळ्यांच्या सायकली झुडपात आडव्या, एकटी तात्यारावांची स्टँडवर ताठ उभी.

फोटो बराच वेळ बघून प्रज्ञेशनं लॅपटॉप उघडला आणि एक्सेलमध्ये चोविसावा रकाना आखला: 'कॅरिअर'. जन्मात पहिल्यांदा त्यानं दहापैकी दहा दिले. मग टेस्टर तो, राहवेना, म्हणून शेजारी शेरा मारला: 'चढ आला की उतरावं लागतं.'