एका झेलाची कारकीर्द

प्रोफेसरांच्या खोलीत शिरण्याआधी दत्ता माने उंबऱ्याला हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा आणि मांडीवर थाप मारून आत जायचा. प्रोफेसरांना वाटे, या भारतीयाला संधिवात आहे. खरं म्हणजे मान्या कऱ्हाडचा हुतूतूपटू होता आणि त्याच्या लेखी प्रबंधावरची प्रत्येक चर्चा ही चढाईच होती.

एकोणीसशे साठच्या आसपास आम्ही दोघे स्टुटगार्टला डॉक्टरेट करत होतो. गावाबाहेरच्या अमेरिकन छावणीत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल चाले. एकदा त्यांना गडी कमी पडला आणि बघ्यांत उभ्या असलेल्या मान्याचे दंड सार्जंटच्या नजरेत भरले. मान्या 'टाइट एंड' झाला. म्हणजे रांगेच्या टोकाचा गडी. आधी समोरच्याला अडवायचं, मग जमलं तर पळत जाऊन चेंडू झेलायचा. दुभाषा म्हणून मी गेलो. माझं इंग्रजी उत्तम आहे अशी माझी पुण्यापासूनची समजूत होती. सार्जंटने ती पहिल्याच वाक्यात दूर केली.

अडवायचं पण धरायचं नाही, हा नियम मान्याला पटेना. शिट्टी वाजली तरी तो समोरच्याचा घोटा सोडत नसे.

"आल्झो," जर्मनांचं हे 'तर मग' त्याच्या जिभेवर बसलं होतं, "पकडीत आलेला गडी सोडून देऊ? कऱ्हाडात काय तोंड दाखवू?"

दर वेळी दंड म्हणून संघाला मागे सरकावं लागे. शेवटी सार्जंटने बजावलं, शनिवारी चुकलास तर घरी बस. मान्या आठवडाभर नीट जेवला नाही. मला हसू यायचं.

शनिवारी कुणीतरी फेकलेला चेंडू चक्क त्याच्या हातात बसला. पुढे एकच गडी आणि त्यामागे शेवटची रेषा. ती ओलांडली की गुण. मान्या सुसाट गेला, त्या गड्याच्या खांद्याला टिचकी मारली, गर्रकन वळला आणि "हुतूतूतू" करत आपल्या बाजूला पळत सुटला!

सगळे अमेरिकन डोक्याला हात लावून ओरडत होते. एकच शहाणा कडेला उड्या मारत होता, "दम सोडू नको मान्या! मधली रेषा गाठ!" तो मी.

मधल्या रेषेवर त्याला त्याच्याच गड्यांनी आडवा केला. सामना गेला, सार्जंटने हेल्मेट काढून घेतलं.

परतताना ट्रॅममध्ये मी म्हणालो, "सुटलास. आता प्रबंध लिही."

"खेळाचं काय घेऊन बसलास," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "प्रत्येक डावाआधी ते सगळे गोल करून उभे राहतात ना, खांद्यावर हात टाकून, डोक्याला डोकं लावून. काय बोलतात ते मला एकदाही कळलं नाही. पण इथे येऊन दीड वर्ष झालं रे. हस्तांदोलन सोडलं तर कुणाचा हात अंगाला लागला नव्हता."

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. ते दीड वर्ष मी रोज त्याच्या शेजारी बसून जेवत होतो.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घरात ही पद्धत नाही, त्यामुळे तो आधी कॉलरवर पडला. माझा स्टॉप आला आणि गेला. हात कधी काढायचा असतो, ते मला ठाऊक नव्हतं.