अंगठ्यास लावावयाचे लोशन

राणीसावरगावच्या कासाबाईंचा उजवा अंगठा रेशनच्या मशीननं ओळखायचं सोडलं, त्याला दिवाळीत तीन महिने झाले. अंगठा जागेवर होता. चाळीस वर्षं त्यानं मेंढरांची लोकर कातरली होती, बाभळीचे काटे उपसले होते, हंगामात कापूस वेचला होता, आणि या सगळ्यात त्याच्यावरच्या रेघा कुठंतरी झिजून गेल्या होत्या. उरल्या त्या भेगा. भेगांची नोंद मशीनकडे नव्हती.

अंगठा लागल्याशिवाय धान्य नाही, हा नियम. न्यायाला धरून उरलेल्या नऊ बोटांनाही संधी देण्यात आली. मशीननं तीही नाकारली. कार्डावर दुसरं नाव मुलाचं, रामहरीचं, आणि तो मेंढरं घेऊन दूर चराईला गेलेला. सून शालू आणि दोन नातवंडं घरात रोज जेवत होती खरी, पण त्यांची नावं चढवण्याचा अर्ज चार वर्षं विचाराधीन असल्यामुळं सरकारदरबारी ती भुकेली नव्हती.

"मी कासाबाईच हाय की वो, माणिकराव! तुमी चड्डीत हिंडत व्हता तवापसून वळखता मला."

"म्या वळखतो, माय," दुकानदार माणिकराव कळवळून म्हणाले. "पर माजी वळख चालत न्हाई. ह्येची चालती." त्यांनी मशीनकडे आदरानं पाहिलं.

अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा वरून परिपत्रक आलं. दोष मशीनचा नसून त्वचेचा असल्याचं समितीच्या निदर्शनास आलं होतं. सबब 'कोमल अंगठा अभियान' सुरू झालं. प्रत्येक लाभार्थ्यास लोशनची एक बाटली मोफत. दिवसातून तीन वेळा, खालून वर, हळुवार चोळावे. उपचारकाळात अंगमेहनत टाळावी. बाटली मिळाल्याची पोच म्हणून मशीनवर अंगठा लावणं बंधनकारक होतं. कासाबाईंना बाटली मिळाली नाही.

शेवटी शालूनं गंगाखेडच्या बाजारातून गुलाबी वासाचं लोशन आणलं. बाटलीवर एक बाई डोळे मिटून स्वतःच्याच गालावरून हात फिरवत होती.

"हिला कितीचं धान्य मिळालं म्हून येवढी खूश हाय?" कासाबाईंनी विचारलं.

"आत्या, नुसता अंगठा नका चोळू, आख्खा पंजा चोळा. कोन्तं बोट लागंल काय नेम."

पंधरा दिवस कासाबाई वेचणीला गेल्या नाहीत. विळ्याला हात नाही, भांड्याला हात नाही. शेळ्या वासानं मागं मागं हिंडायच्या. शेजारच्या सुलाबाईनं तर चारचौघींत विचारलं, "कासाबाई, सोयरीक-बियरीक जमवायलाव का काय?" कासाबाईंना खरोखर लाज वाटली. सून एकटी उन्हात राबतेय आणि आपण ओट्यावर बसून अंगठा चोळतोय! जन्मात पहिल्यांदा त्या रिकाम्या बसल्या होत्या, आणि तेही सरकारी कामासाठी.

सोळाव्या दिवशी मशीनचा हिरवा दिवा लागला. कासाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी गव्हाचं पोतं स्वतः उचललं, मग परिपत्रक आठवून खाली ठेवलं आणि शालूला उचलायला लावलं.

पुढच्याच आठवड्यात अपात्र लाभार्थी शोधण्यासाठी जिल्ह्याहून पथक आलं. पथकप्रमुख भुजंगसाहेबांच्या फॉर्मवर अकरावा रकाना होता : 'हातांची स्थिती. स्पर्शाने खात्री करावी.' साहेबांनी कासाबाईंचा हात हातात घेऊन खात्री केली. मग पुन्हा केली.

"मावशी, काम काय करता?"

"मेंढरं, येचनी, निंदनी. पडंल ते."

"या हातांनी?" साहेबांनी तळवा हुंगला. "आमच्या मिसेसचेसुद्धा हात असे नाहीत."

"सायेब, त्ये लोशन लावलं म्हून..."

"लोशन!" साहेबांनी लगेच लिहून घेतलं : 'सौंदर्यप्रसाधने वापरण्याची ऐपत. नाव वगळावे.'

"आवो, सरकारच म्हनलं ना लावा म्हून!"

"तो विभाग वेगळा," साहेब समजुतीनं म्हणाले.

अपिलाला दोन महिन्यांची मुदत होती. कासाबाईंनी बाटली उकिरड्यावर फेकली आणि वेचणीला लागल्या. मुदत संपायच्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत जाऊन त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर उलटे-सुलटे करून दाखवले. कारकुनाला गलबलून आलं.

"अरेरे! यांना कुणी वगळलं? याला कागद कशाला लागतोय!" त्यानं गरिबी जागच्या जागी मंजूर केली. "आता फक्त तुम्हीच त्या कासाबाई, एवढं दाखवा." आणि त्यानं मशीन पुढं सरकवलं.

लाल दिवा लागला. कासाबाईंनी अंगठा पदरानं पुसला. लाल. तोंडाजवळ नेऊन त्यावर वाफ सोडली. लाल.

"आजून येकदा लावते, दादा. येकदाच."

मागं रांग वाढत होती. रांगेत आपणही होतो. कुणाला दाखला हवा होता, कुणाला उतारा. आपल्याला बाईंचं वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण कचेरी बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. "मावशी, जरा बाजूला होता का?" आपणच म्हणालो, चांगलं आदरानं. त्या बाजूला झाल्या. आपण अंगठा ठेवला, तो पहिल्याच दाबाला लागला, आणि सगळं किती सोपं झालंय हल्ली, असं म्हणत आपण बाहेर पडलो.